ते गाणं तेवढं नको

माझा एक भाचा तारवटी आहे. आमच्या गोव्यात यात नवल काही नाही, दर दोन-चार घरांआड एक तारवटी सापडतोच. हा क्रूझ बोटीवर असतो आणि उन्हाळ्यात त्यांची बोट नॉर्वेच्या किनाऱ्याने वर ट्रॉम्सोपर्यंत जाते. २०१७ सालच्या चवथीला तो सुट्टीवर घरी आला तेव्हा माझ्यासाठी एक सीडी घेऊन आला. "मामा, तुका गाणीं आवडटात न्हय, म्हूण हाडली," एवढंच म्हणाला आणि नेवऱ्यांकडे वळला.

आता माझा कान भजनाचा आणि नाट्यसंगीताचा. नॉर्वेच्या गायकाचं मी काय करणार? दोन महिने ती सीडी कपाटावर पडून होती. मग एका पावसाळी संध्याकाळी लावली. हलका, जरासा खरखरीत आवाज, गिटार, मध्येच अ‍ॅकॉर्डियन, शब्द इंग्रजी. ऐकायला बरं वाटलं, एवढंच. पण आल्बमचं नाव विचित्र होतं, 'अनसाँग्ज'. न-गाणी म्हणायचं की काय? म्हणून त्यातल्या एकेका गाण्यामागची हकीकत शोधून वाचत गेलो, आणि तेव्हापासून ही बारा गाणी काही माझा पिच्छा सोडत नाहीत. आज त्यांच्याबद्दल लिहितोय, पण लिहायचं आहे ते खरं तर माझ्या एका जुन्या अपराधाबद्दल. त्याच्याकडे शेवटी येतो.

गायकाचं नाव पोल मॉडी क्नुट्सन. गातो फक्त 'मॉडी' या नावाने. जन्म १९८७ चा, गाव सेन्या बेटावर. हे बेट नॉर्वेच्या अगदी उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाच्याही वर आहे. मासेमारी, डोंगर आणि महिनोन्‌महिने काळोखाचा हिवाळा. २०१० मध्ये 'फ्लोरिओग्राफी' हा त्याचा पहिला आल्बम इंग्रजीत आला. २०१३ मध्ये मात्र त्याने 'केम वा दू?' हा आल्बम आपल्या उत्तरेकडच्या बोलीत केला, ओस्लोच्या शिष्ट भाषेत नव्हे. घरी एक बोली, पुस्तकात दुसरी भाषा, आणि कुठली 'खरी' यावरून भांडणं... हे आम्हा गोंयकारांना कोणी वेगळं समजावून सांगायला नको. शिवाय आपल्या बेटाजवळच्या समुद्रात तेलविहिरी खोदू नयेत म्हणून तो उभा राहिला, आणि एका तेल कंपनीच्या मोठ्या शिष्यवृत्तीलाही त्याने नकार दिला. हा नकार लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

२०१४ च्या सुरुवातीला त्याची तेल अवीवला मैफल ठरली होती. बरीच उलघाल झाल्यावर त्याने ती रद्द केली. असं केलं की दोन्हीकडून बोलणी खावी लागतात, तशी त्यालाही बसली. कोणी म्हणालं, शाब्बास. कोणी म्हणालं, संगीताला राजकारणात ओढू नकोस. पण त्या गलबल्यात बिर्गिट्टे ग्रिमस्टाड या ज्येष्ठ नॉर्वेजियन गायिकेने त्याच्याशी संपर्क साधला आणि त्याला स्वतःची एक जुनी गोष्ट सांगितली.

गोष्ट १९८२ ची. इस्रायलच्या फौजा लेबनॉनमध्ये शिरल्या होत्या आणि बैरूतला वेढा पडला होता. एली गेवा नावाचा एक तरुण कर्नल, रणगाड्यांच्या ब्रिगेडचा प्रमुख, म्हणाला की मी माझी तुकडी बैरूतमध्ये नेणार नाही, तिथे साधी माणसं, मुलंबाळं मरतील. त्याला पदावरून काढलं गेलं. या माणसावर नॉर्वेत रिचर्ड बर्जेस यांनी गाणं लिहिलं आणि ग्रिमस्टाड ते गाऊ लागल्या. पुढे इस्रायलच्या दौऱ्याची वेळ आली तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की इकडे हे गाणं म्हणू नका. त्यांनी ते म्हटलं नाही. बस्स, एवढीच गोष्ट. कोणी अटक केली नाही, खटला भरला नाही. एक गाणं कार्यक्रमातून गळलं, आणि ते गळल्याची आठवण गाणाऱ्या बाईच्या मनात ३२ वर्षं राहिली.

मॉडीने या धाग्याला धरून शोध सुरू केला. जगात अशी किती गाणी असतील? दोनेक वर्षं त्याने गाणी गोळा केली, त्यांच्या निर्मात्यांचा माग काढला, आणि बारा देशांतली बारा गाणी निवडून इंग्रजीत बसवली. २०१६ हे त्याचं वर्ष म्हणायचं. काही गाणी आधी एकेक करून बाहेर आली, सप्टेंबरात पूर्ण आल्बम आला, गाण्यांच्या हकीकती सांगणारं नॉर्वेजियन पुस्तकही आलं, आणि मग ही गाणी घेऊन तो नॉर्वेत आणि युरोपात गावोगाव हिंडला. मैफलीत तो आधी गाण्याची गोष्ट सांगायचा आणि मग गाणं म्हणायचा. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. अरे, हे तर आमचं कीर्तन! आधी निरूपण, मग पद. श्रोत्याला पदाचा अर्थ ठाऊक नसेल तर नुसती चाल ऐकून तो घरी जाईल, हे आमच्या बुवांना शेकडो वर्षांपूर्वी कळलेलं. सेन्याच्या या पोराला ते आपल्या अनुभवातून कळलं, एवढंच.

आता ही बारा गाणी बघा. मी त्यांची माझ्यापुरती एक उतरंड लावली आहे.

सगळ्यात वर, जिथे माणूसच संपवला. चिलीचा व्हिक्टर हारा याने १९६९ मध्ये शेतमजुराला उद्देशून एक प्रार्थनागीत रचलं. सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर त्याला सान्तियागोच्या स्टेडियममध्ये डांबून, छळ करून मारलं. त्या खुनाबद्दल सात माजी सैनिकांची शिक्षा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केली ती २०२३ मध्ये, म्हणजे तब्बल ५० वर्षांनी. अल्जीरियाचा मातूब लुनेस आपल्या काबील लोकांच्या भाषेसाठी भांडत राहिला. त्याने तिथल्या राष्ट्रगीताच्या चालीवर सरकारची टर उडवणारं गाणं केलं. १९९८ च्या जूनमध्ये रस्त्यात गाडी अडवून त्याला गोळ्या घातल्या. कोणी घातल्या, हा वाद अजून मिटलेला नाही.

त्याखाली तुरुंग आणि कोर्ट. मॉस्कोच्या मोठ्या चर्चमध्ये फेब्रुवारी २०१२ मध्ये मिनिटभर नाचून-गाऊन पुतीनविरुद्ध देवीमातेला साकडं घालणाऱ्या 'पुसी रायट'च्या तीन मुलींना दोन-दोन वर्षांची सजा झाली. त्यांतल्या एकीची अपिलात स्थगित झाली. व्हिएतनामच्या व्हिएत खांगला 'माझा देश कुठे आहे' असं विचारल्याबद्दल चार वर्षं झाली. चीनच्या लिऊ श्याओबोची तर गोष्टच वेगळी, तिच्याकडे येतो. लेबनॉनच्या मार्सेल खलिफेवर महमूद दरवीशची कविता गायल्याबद्दल धर्मनिंदेचा खटला भरला गेला, त्यातून तो १९९९ च्या डिसेंबरात सुटला.

त्याखाली रेडिओ आणि कंपन्या. इस्रायलच्या इझहार अशदोतचं, सैनिकाला मारायची सवय कशी लागत जाते ते सांगणारं गाणं तिथल्या लष्कराच्या रेडिओने २०१२ मध्ये बंद केलं. १९९१ च्या आखाती युद्धात केट बुशचं 'आर्मी ड्रीमर्स' हे, लढाईत मेलेल्या पोराच्या आईचं गाणं बीबीसीच्या 'सध्या वाजवू नये' यादीत गेलं. १९३९ मध्ये बिली हॉलिडे झाडाला लटकवलेल्या काळ्या माणसांवरचं 'स्ट्रेंज फ्रूट' रेकॉर्ड करायला निघाली तेव्हा तिच्या नेहमीच्या कंपनीने नकार दिला. मग दुसऱ्या एका लहान कंपनीने ते केलं.

आणि सगळ्यात खाली, ग्रिमस्टाडबाईंचं गाणं. ना गोळी, ना तुरुंग, ना यादी. नुसती विनंती. ते गाणं तेवढं नको.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं की हे बारावं गाणं इतर अकरांच्या पंगतीत बसत नाही. व्हिक्टर हाराच्या शेजारी याला बसवणं म्हणजे खरचटलेल्याला शहीद म्हणण्यासारखं. आज माझं मत उलटं आहे. दुःखाच्या मापाने बघाल तर अर्थातच तुलना नाही. पण गाणं संपवण्याच्या मापाने बघाल तर ही शेवटची पायरीच सगळ्यात पक्की. हाराला मारलं आणि त्याची गाणी जगभर गेली. पुसी रायटला तुरुंगात टाकलं आणि तोवर ज्यांना कोणी ओळखत नव्हतं त्या मुली घरोघरी माहीत झाल्या. बीबीसीची यादी आजही कोणीही वाचू शकतो. बंदीचा कागद मागे उरतो, आणि पुढे कधीतरी एखादा मॉडी येऊन तो कागद शोधतो. विनंतीचा कागद नसतो. ग्रिमस्टाडबाईंनी आपणहून सांगितलं नसतं, तर त्या दौऱ्यात काय गळलं होतं हे त्या पोराला कुठे सापडणार होतं?

या पायरीची ताकद बघायला त्याच वर्षातली एक गोष्ट पुरे. आल्बममध्ये '४ जून १९८९' हे गाणं आहे, तिआनानमेन चौकातल्या हत्याकांडावरच्या लिऊ श्याओबोच्या कवितेवर बेतलेलं. लिऊला २०१० चं शांततेचं नोबेल जाहीर झालं तेव्हा तो अकरा वर्षांची शिक्षा भोगत होता. ओस्लोच्या मंचावर त्याची रिकामी खुर्ची ठेवून समारंभ झाला. चीन भडकला. नोबेल समिती सरकारची नाही, हे नॉर्वेने कितीही सांगितलं तरी चीनने सहा वर्षं संबंध गोठवून ठेवले आणि नॉर्वेच्या सामन माशांच्या व्यापाऱ्यांना त्याची झळ लागली. शेवटी डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे हा आल्बम आल्यानंतर तीनच महिन्यांनी, दोन्ही सरकारांनी संयुक्त निवेदन काढून संबंध पूर्ववत केले. चीनच्या 'मूलभूत हितांना' आपण महत्त्व देतो आणि त्यांना बाध आणणाऱ्या कृतींना पाठिंबा देणार नाही, असं नॉर्वेने त्यात लिहून दिलं. पुढच्या जुलैत लिऊ कैदेतच कॅन्सरने वारला. तो मरणपंथाला लागला होता तेव्हा ओस्लोचं सरकार इतकं जपून बोलत होतं की त्यांच्याच देशात त्यावर टीका झाली.

म्हणजे बघा, नॉर्वेत मॉडीला ते गाणं म्हणायला कोणी आडकाठी केली नाही. खुशाल म्हणा! सरकारने फक्त आपली जीभ आवरली. जगातल्या सगळ्यात मोकळ्या देशांत ज्याची गणना होते, तिथली ही कथा.

मॉडीवर एक आक्षेप घेता येतो आणि तो खोटा नाही. सुखवस्तू, सुरक्षित देशातला पोरगा, दुसऱ्यांनी ज्यासाठी जीव दिला ती गाणी गोड आवाजात, परक्या इंग्रजीत म्हणतो. त्याला काय धोका? मातूब लुनेस तर आपल्या भाषेसाठी मेला, आणि आपण त्याचं गाणं इंग्रजीत ऐकायचं? मलाही हे खुपतं. पुसी रायटचा तो कर्कश आक्रोश त्याच्या गळ्यातून स्तोत्र होऊन येतो, तेव्हा काहीतरी हरवतं. पण दुसरी बाजू अशी की त्याने दुसऱ्यांच्याच उखाळ्यापाखाळ्या काढल्या नाहीत. एली गेवाचं गाणं नॉर्वेचं, आणि न गाणारी गायिकाही नॉर्वेचीच. शिवाय एक जुनं गाणं सामी लोकांचं आहे, त्यात सामी मांत्रिक आणि बाहेरून आलेला चोर यांचा सामना आहे. सामी म्हणजे त्याच उत्तरेचे मूळ रहिवासी, रेनडियर पाळणारे. मिशनऱ्यांनी त्यांच्या मांत्रिकांचे ढोल जप्त करून जाळले, त्यांच्या 'योइक' गायनाला पाप ठरवलं, शाळांतून त्यांची भाषा हद्दपार केली. याबद्दल नॉर्वेच्या संसदेने त्यांची औपचारिक माफी मागितली ती २०२४ च्या नोव्हेंबरात.

हे वाचताना मला आमचीच गोष्ट कोणी दुसऱ्या भाषेत सांगतंय असं वाटलं. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि त्याही मराठीत. आणि १७३६ मध्ये इन्क्विझिशनने गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांसाठी जे फर्मान काढलं, त्यात दारातल्या तुळशीपासून लुगडं-धोतरापर्यंत कायकाय निषिद्ध ठरवलं, त्यात लग्नातल्या ओव्याही आल्या. ज्या छंदात त्यांच्याच धर्माचं पुराण रचलं, तोच छंद सव्वाशे वर्षांत गुन्हा झाला! प्रियोळचे अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ च्या आपल्या 'द गोवा इन्क्विझिशन' या इंग्रजी ग्रंथात या फर्मानाबद्दल लिहून ठेवलं आहे. पण आज ख्रिस्ती घरांत लग्नाआधी रोस लावताना बायका जोती म्हणतात ना? म्हणजे गाणं उरलंच. आणि काय काय दाबलं होतं हेही आपल्याला ठाऊक आहे, कारण दाबणाऱ्यांनीच ते यादी करून लिहून ठेवलं.

आता माझा अपराध.

आमच्या गावच्या देवळाची जत्रा. रात्रीच्या नाटकाआधी गावच्या मुलांचा तासाभराचा कार्यक्रम असतो, त्याची जबाबदारी बरीच वर्षं माझ्याकडे होती. साल २०१०. खाणींचा धंदा तेव्हा ऐन भरात होता. आमची लाल माती बार्जींत भरून मुरगावला आणि तिथून बोटींनी बरीचशी चीनला जात होती. दिवसभर रस्त्यावर ट्रकांची रांग, तुळशीवर धूळ, जेवणाच्या ताटात धूळ, शाळेतली पोरं तोंडाला रुमाल बांधून चालायची. बारावीतला एक मुलगा, घुमट चांगलं वाजवायचा, त्याने या धुळीवर गाणं रचलं. फुगडीच्या चालीवर, अर्धं कोंकणी अर्धं मराठी. तालमीला त्याने म्हटलं तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो, आणि शेवटच्या कडव्याला कोणी हसलं नाही.

त्या वर्षी मांडव आणि रोषणाई गावातल्या ज्या गृहस्थांनी दिली होती, त्यांचे पंधरा-वीस ट्रक खाणीवर चालायचे. तेव्हा गावातल्या अर्ध्या घरांचं पोट ट्रकांवरच होतं, हेही सांगायला हवं. त्या गृहस्थांनी मला एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं. त्यांना गाण्याचा पत्ताही नव्हता. मीच रात्री अंथरुणात पडल्या पडल्या विचार केला, पुढच्या रांगेत ते बसणार, बरं दिसेल का? सकाळी त्या मुलाला देवळाच्या पायरीवर बोलावलं आणि म्हटलं, बाकी दोन गाणी झकास आहेत, ते तेवढं नको.

"मागीर केन्ना गावचें?" त्याने विचारलं. रागाने नव्हे. खरोखरच विचारलं.

"फुडल्या वर्सा पळोवया," मी म्हटलं.

फुडलं वर्स कधी आलं नाही. तो शिकायला बाहेर गेला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, ट्रक वाड्यावाड्यांतून गंजत उभे राहिले, आणि गाण्याचा विषयच संपला. तेलाच्या पैशाला नाही म्हणणारा सेन्याचा पोरगा आणि खनिजाच्या पैशाने न मागितलेलं आपणहून देऊन टाकणारा मी! चीनशी व्यापार दोघांच्याही गावचा, त्यांचा माशाचा आणि आमचा मातीचा. गप्प बसण्याच्या बाबतीत मी ओस्लोच्या सरकारपेक्षा तसूभरही कमी नव्हतो.

सीडी ऐकल्यानंतर काही दिवसांनी मी त्या मुलाचा नंबर मिळवून फोन केला. आता तो वेर्ण्याला एका कारखान्यात आहे, मुलीचा बाप झालाय. गाण्याचं विचारलं तर हसला. "काका, तें कोणाक याद आसा?" दोन ओळी आठवल्या, त्याही नक्की नव्हेत. वही घर बदलताना गेली. तालमीला असलेल्या आणखी तिघांना विचारलं. चाल सगळ्यांना आठवते, शब्द कोणाला नाहीत. इन्क्विझिशनला अडीच शतकांत जमलं नाही ते मी एका सकाळी करून दाखवलं.

तुम्ही म्हणाल, मग काय जत्रेत कोणीही उठून काहीही गावं? तसं माझं म्हणणं नाही. मॉडीच्या बारा गाण्यांतही एक असं आहे की जे मला पटत नाही. मेक्सिकोतल्या एका लोकप्रिय बँडचं ते गाणं पोपट, बोकड आणि कोंबडा या सांकेतिक नावांनी अमली पदार्थांच्या धंद्याची शेखी मिरवतं. ज्या गावात त्या धंद्यापायी माणसं मरताहेत तिथे ते नको, असं तिथल्या एखाद्या समितीने म्हटलं तर मी तिला दोष देणार नाही. कार्यक्रम ठरवणाऱ्याला निवड करावीच लागते, वेळ तासाचीच असते आणि पुढे लहान मुलं बसलेली असतात.

पण निवड केली तर ती आपल्या नावावर घ्यावी. 'नको' म्हणायचं तर उघड म्हणावं, कारण सांगावं, आणि ते लिहून ठेवावं. अमुक गाणं, अमक्याचं, अमक्याने, या कारणासाठी नाकारलं. एवढी एक ओळ. बहुतेक वेळा कारण लिहायला बसलो की हात थांबेल. 'देणगीदारांना बरं वाटणार नाही' असं शाईने लिहून खाली सही करायला मी २०१० मध्ये धजलो असतो का? मला नाही वाटत. मुकाट्याने ते गाणं होऊ दिलं असतं. आणि समजा धजलो असतो, तरी वहीत त्या गाण्याचा आणि त्या मुलाचा मागमूस राहिला असता.

आमच्या समितीची जुनी इतिवृत्तं देवळाच्या कपाटात आहेत. फोननंतर मी जाऊन त्या वर्षीची वही काढून बघितली. अक्षर माझंच. मांडवाचा खर्च, नाटक कंपनीची बिदागी, समयांच्या तेलाचा हिशेब, सगळं नीट मांडलेलं. कार्यक्रमाबद्दल एकच वाक्य आहे: 'स्थानिक कलाकारांचा कार्यक्रम उत्तम प्रकारे पार पडला.'

यंदाच्या बैठकीत मी वर सांगितलेली सूचना मांडली. दोघांनी मान हलवली, तिघे म्हणाले, कशाला नसती कटकट, गोडीगुलाबीने सांगितलं की पोरं ऐकतात. ऐकतात हे खरंच. शेवटी अध्यक्ष म्हणाले, फुडल्या वर्सा पळोवया.

तुमच्या गावच्या वहीत काय लिहिलंय, तेही एकदा बघा.